माप शेवटच्या हातानंतर: स्टॅटिक साइटच्या स्टाइलशीट आणि स्क्रिप्टला इंटेग्रिटी हॅश लावताना

माझे वडील कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये ३१ वर्षं इनवर्ड इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासायला होते. बाहेर जॉबवर्कला दिलेले बुश बोअर होऊन परत आले, की टेम्पो दारात उभा असतानाच आप्पा भोकाचं माप तपासणारं प्लग गेज घेऊन खाली उतरायचे. गेजची ‘गो’ बाजू भोकात सहज गेली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू अडली पाहिजे. दोन्ही झालं तर माल आत, नाही तर त्याच टेम्पोतून परत. पाठवणारा कोण, ओळख किती वर्षांची, याचा त्या गेजशी काही संबंध नसायचा. आणि गेज आमच्याच कपाटात असायचं, पाठवणाऱ्याच्या नव्हे.

मी राजारामपुरीत दोन खोल्यांच्या ऑफिसात वेबसाइट बनवते. गिऱ्हाईक बहुतेक इथलंच: शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्या, गुळाचे व्यापारी, चपलांचे दोन दुकानदार, काही शाळा. साइट साध्या, स्टॅटिक. मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही. पानाचं एचटीएमएल, त्याचं रूप ठरवणारी सीएसएस म्हणजे स्टाइलशीट, आणि हालचालीसाठी थोडी जावास्क्रिप्ट एवढंच. अशा साइटला कोण काय करणार, असं मलाही वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या आठवड्यात शिरोलीच्या एका कारखानदारांचा फोन आला. “ताई, आमची साइट उघडली की रमी लागतीया.” पुण्याच्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर साइट उघडली होती आणि कास्टिंगच्या फोटोंऐवजी पत्त्यांचा डाव समोर आला होता. माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत होतं. दोन तास मी आमचाच सर्व्हर धुंडाळला. एकही फाइल बदललेली नव्हती. शेवटी सापडलं ते फोटो सरकवणाऱ्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये. ती मी पूर्वी कधीतरी एका माणसाच्या डोमेनवरून थेट जोडली होती. त्याने ते डोमेन पुढे चालू ठेवलं नाही, दुसऱ्या कुणीतरी घेतलं आणि त्याच पत्त्यावर, त्याच नावाने आपली फाइल ठेवली. फोटो पूर्वीसारखे सरकायचे, म्हणून कुणाला शंका आली नाही. मोबाइलवरून पहिल्यांदा येणाऱ्याला मात्र ती स्क्रिप्ट उचलून तिकडे नेऊन ठेवायची.

रात्री जेवताना आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग इनवर्डला कोण हुतं?”

कुणीच नव्हतं. आणि खरं तर ते काम करायला ब्राउझर तयार बसलेला असतो, फक्त त्याच्या हातात गेज द्यावं लागतं. या सोयीला सबरिसोर्स इंटेग्रिटी म्हणतात, बोलताना एसआरआय. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जून २०१६ मध्ये ती अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती त्याआधीच, २०१५ मध्ये आली होती. सफारीत २०१८ मध्ये आली. आज लोकांच्या हातात असलेल्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये ती आहे.

तिचं काम असं चालतं. फाइलच्या बाइट गणिती पद्धतीने दळून त्यातून एक ठरावीक लांबीची खूण काढतात, तो हॅश. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. हा हॅश आपण आपल्या पानात, ती स्क्रिप्ट जोडणाऱ्या ओळीत म्हणजे तिच्या टॅगमध्येच लिहून ठेवायचा. ब्राउझर फाइल मागवतो, आलेल्या फाइलचा हॅश स्वतः काढतो, आपण लिहिलेल्याशी ताडून पाहतो. जुळला तर फाइल चालते, नाही जुळला तर ती फाइल चालवलीच जात नाही. माल त्यांचा, गेज आपलं.

हा धोका फक्त माझ्यासारख्या छोट्या लोकांचा नाही. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी ब्राउझअलाउड नावाच्या, पान वाचून दाखवणाऱ्या सेवेच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी क्रिप्टो-मायनिंगचा कोड घुसवला. ती स्क्रिप्ट वापरणाऱ्या ४,००० हून अधिक साइट एकदम बाधित झाल्या. त्यात ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाचीही साइट होती. त्या साइटवाल्यांचा स्वतःचा सर्व्हर कुणी फोडला नव्हता. बदलली होती ती बाहेरची एक फाइल.

आधी यादी

कामाला बसलं की पहिल्यांदा हॅश काढायचा नाही. आधी आपली साइट बाहेरून काय काय उचलते याची यादी करायची. ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या टॅबवर जा, पान पुन्हा लोड करा आणि डोमेनचा रकाना पाहा. आपल्या डोमेनव्यतिरिक्त जे नाव दिसेल ते वहीत लिहा. हे मुख्य पानावर करून थांबू नका. संपर्काचं पान, फोटोंचं पान, २०१९ साली एका प्रदर्शनासाठी बनवलेलं आणि विसरून गेलेलं पान, सगळीकडे करा. त्या कारखानदारांच्या साइटवर मला बाहेरच्या ११ फाइल सापडल्या. त्यातल्या चार तर कुठल्याच कामाच्या नव्हत्या. जुन्या डिझाइनमधून तशाच राहिल्या होत्या.

यादीतल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न. हिची गरज आहे का? आणि असेल, तर ती आपल्याच सर्व्हरवर ठेवता येईल का? माझं मत स्पष्ट आहे: छोट्या साइटने शक्य तितकं घरात आणावं. दोन-चार वेगवेगळ्या सर्व्हरशी ओळख करून घेण्यात फोनचा जो वेळ जातो तोही वाचतो. ‘सीडीएनवरची (अनेक साइटना सामाईक फाइल पुरवणाऱ्या सर्व्हरवरची) फाइल लोकांच्या कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या प्रतींत, आधीच असते’ हा जुना युक्तिवाद आता चालत नाही, कारण ब्राउझर प्रत्येक साइटची कॅश वेगळी ठेवतात. त्या ११ पैकी चार काढून टाकल्या, पाच घरात आणल्या, उरल्या दोन. हॅश लावायचा तो मुख्यतः अशा उरलेल्यांना.

फाइल हातात घ्या

उरलेली फाइल आधी उतरवून घ्या आणि पत्त्यात नेमकी आवृत्ती आहे ना ते पाहा. पत्त्यात ‘लेटेस्ट’ असेल किंवा नुसतं ‘५’ असेल, तर उद्या ५.३ ची ५.४ झाली की फाइल बदलणार आणि हॅश तुटणार. तीनही आकडे हवेत, उदाहरणार्थ जेक्वेरी या तयार स्क्रिप्टची ३.७.१. जेएसडेलिव्हर या सीडीएनवर आणखी एक खाच आहे: मूळ पॅकेजमध्ये छोटी केलेली फाइल नसेल तर ते स्वतःच ती बनवून देतात. अशा फाइलच्या अगदी वरच्या ओळीतच लिहिलेलं असतं की हिला एसआरआय लावू नका, कारण फाइल छोटी करणारं त्यांचं मिनिफायर बदललं की बाइट बदलू शकतात. म्हणून पॅकेजमध्ये मुळात असलेलीच फाइल निवडा.

मग ती उघडून बघा. प्रत्येक ओळ कळेल असं नाही, पण वरची आवृत्ती, लेखक, लायसन्स दिसतं, आणि फोटो सरकवणाऱ्या फाइलमध्ये भलत्याच डोमेनचा पत्ता असेल तर तोही दिसतो. जेक्वेरी आणि बूटस्ट्रॅप (तयार स्टाइलशीट आणि स्क्रिप्टचा संच) यांचे लेखक आपल्या अधिकृत पानावर हॅशसकट तयार टॅग देतात. तिथला हॅश आणि मी उतरवलेल्या फाइलचा हॅश जुळला, तर मन निवांत होतं. ही पायरी सोडली तर बाकी सगळं फुकट आहे. हॅश फाइल चांगली आहे असं सांगत नाही. ती तीच आहे एवढंच सांगतो. खराब नगावरून गेज बनवलं तर पुढचे सगळे खराब नग पास होतील.

हॅश काढणे

कमांडमधले शब्द मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते. टर्मिनलमध्ये ते रोमनमध्येच टाइप करायचे. ओपनएसएसएल, मग डीजीएसटी, मग हायफन शा३८४, हायफन बायनरी, मग फाइलचं नाव. त्यापुढे पाइपची उभी रेघ, आणि रेघेनंतर ओपनएसएसएल बेस६४ हायफन ए, त्यातला ए मोठा. एंटर दाबलं की एका ओळीत अक्षरांची एक माळ येते. लिनक्स आणि मॅकवर हे सहसा आधीपासून असतं. विंडोजवर गिटसोबत (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) येणाऱ्या बॅश खिडकीत चालतं.

तीन जातीचे हॅश चालतात: शा२५६, शा३८४ आणि शा५१२. मी ३८४ वापरते, कारण बहुतेक प्रकल्प तोच देतात आणि ताडून बघायला सोपं जातं.

आता मिळालेल्या माळेतली अक्षरं मोजा. शा३८४ म्हणजे ४८ बाइट, त्याची बेस६४ मध्ये, म्हणजे बाइट अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, बरोबर ६४ अक्षरं होतात आणि शेवटी बरोबरचं चिन्ह येत नाही. शा२५६ ची ४४ होतात, शेवटी एक बरोबर. शा५१२ ची ८८, शेवटी दोन बरोबर. मोजायला दहा सेकंद लागतात आणि सगळ्यात नेहमीची चूक तिथेच पकडली जाते. ती चूक अशी: पुष्कळ जण शा३८४सम ही सोपी कमांड वापरतात. तिचं उत्तर ९६ अक्षरांचं असतं, त्यात फक्त शून्य ते नऊ आणि ए ते एफ दिसतं. तो हॅश खराच असतो, पण हेक्समध्ये लिहिलेला. ब्राउझरला बेस६४ हवा. मिलिमीटरच्या ड्रॉइंगवर इंचातलं माप लिहिल्यासारखं होतं ते.

टॅगमध्ये लिहिणे

स्क्रिप्टच्या टॅगमध्ये, पत्त्याच्या ॲट्रिब्यूटनंतर (ॲट्रिब्यूट म्हणजे टॅगमधलं एक नाव आणि त्याची किंमत), इंटेग्रिटी नावाचं ॲट्रिब्यूट लिहायचं. त्याच्या अवतरणात आधी हॅशची जात, शा३८४, मग एक हायफन, मग ती ६४ अक्षरं. मधे जागा नाही. स्टाइलशीटच्या लिंक टॅगला अगदी तसंच.

फाइल दुसऱ्या डोमेनवरची असेल तर सोबत आणखी एक ॲट्रिब्यूट लागतंच: क्रॉसओरिजिन, किंमत ॲनॉनिमस. हे विसरलं तर हॅश बरोबर असूनही फाइल अडते, कारण परक्या डोमेनच्या फाइलचे बाइट तपासायला ब्राउझरला त्या डोमेनची परवानगी लागते. समोरच्या सर्व्हरनेही फाइलसोबत ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हा हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीची सूचना, पाठवायला हवा. मोठे सीडीएन तो पाठवतात. एखादा पाठवत नसेल तर तिथली फाइल घरात आणा, दुसरा उपाय नाही. स्वतःच्याच डोमेनवरच्या फाइलला क्रॉसओरिजिनची गरज नाही.

आता ती गोष्ट, जी मला कुणी आधी सांगायला हवी होती. हॅशची जात लिहिण्यात चूक झाली, म्हणजे ३८४ ऐवजी ३४८ लिहिलं गेलं, तर ब्राउझर फाइल अडवत नाही. त्याला ती जात ओळखता येत नाही, म्हणून तो ॲट्रिब्यूट नसल्यासारखंच धरतो आणि फाइल न तपासता चालवतो. डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये एक तक्रार उमटते, पण पान व्यवस्थित दिसतं आणि आपण समजतो की काम झालं. एका शाळेच्या साइटवर असाच ३४८ कित्येक महिने पडून होता. मीच लिहिलेला.

नो-गो बाजू

म्हणून हॅश लावल्यावर पान चाललं, एवढ्यावर कधीच उठू नका. ती फक्त गो बाजू झाली. आप्पा प्रत्येक नगाला दोन्ही बाजू लावायचे, कारण भोक मोठं झालेलं असलं तरी गो बाजू आत जातेच. खरा निकाल नो-गो देते.

इथली नो-गो अशी. हॅशच्या मधलं एक अक्षर बदला, फाइल सेव्ह करा, पान पुन्हा लोड करा. आता ती स्क्रिप्ट अडलीच पाहिजे. कन्सोलमध्ये लाल ओळ आली पाहिजे की इंटेग्रिटीमधला हॅश जुळला नाही, फाइल रोखली. फोटो सरकायचे थांबले पाहिजेत. असं झालं तरच गेज काम करतंय. मग अक्षर पुन्हा पूर्ववत करा. फाइल अडली नाही, तर जात चुकली आहे, किंवा ॲट्रिब्यूटच्या नावाचं स्पेलिंग चुकलं आहे, किंवा बिल्ड करताना, म्हणजे साच्यांमधून साइटच्या अंतिम फाइल तयार करताना, टेम्पलेटने ते ॲट्रिब्यूट गिळलं आहे. मी हे प्रत्येक नव्या टॅगला करते. अर्धा मिनिट लागतो.

एक सूचना: एचटीएमएल फाइलवर डबल क्लिक करून हे तपासू नका. पान थेट डिस्कवरून उघडलं की त्याच फोल्डरमधल्या फाइलची तपासणी ब्राउझर करू शकत नाही आणि बरोबर हॅशही अडतो. पायथॉन असेल तर त्या फोल्डरमध्ये पायथॉन, हायफन एम, एचटीटीपी डॉट सर्व्हर एवढी कमांड द्या. पोर्ट ८००० वर साइट दिसेल. तिथे तपासा.

आपल्याच फाइलींचं माप

स्वतःच्या डोमेनवरच्या फाइलना हॅश लावावा का, हे पुष्कळ जण विचारतात. खरं सांगायचं तर कुणी तुमच्या सर्व्हरमध्येच शिरला, तर तो स्क्रिप्टसोबत पानातला हॅशही बदलेल. तिथे एसआरआय काही वाचवत नाही. पण पानं एका सर्व्हरवर आणि सीएसएस, स्क्रिप्ट, फोटो दुसऱ्या होस्टिंगवर अशी विभागणी असेल, तर जरूर लावा. माझ्या चार साइट तशा आहेत.

आणि इथे मात्र हॅश हाताने लिहायचा नाही. रोज बदलणाऱ्या फाइलचं माप हाताने घेणारा माणूस एक दिवस विसरणारच. बिल्डने तो काढावा.

स्टॅटिक साइट बनवणारा ह्यूगो हा जनरेटर वापरत असाल तर सोय आतच आहे. फाइल आधी छोटी करणाऱ्या मिनिफायमधून काढायची, मग हॅश काढणाऱ्या फिंगरप्रिंटमधून, फिंगरप्रिंटला शा३८४ सांगायचं. त्यातून हॅश तर मिळतोच, शिवाय फाइलच्या नावातही तो जोडला जातो. क्रम महत्त्वाचा: आधी मिनिफाय, नंतर फिंगरप्रिंट. जनरेटर नसेल तर २०-२५ ओळींची पायथॉन स्क्रिप्ट पुरते. तयार झालेल्या फोल्डरमधली प्रत्येक एचटीएमएल फाइल उघडायची, त्यातले स्टाइलशीट आणि स्क्रिप्टचे टॅग शोधायचे, ती फाइल वाचून पायथॉनच्याच हॅशलिबने हॅश काढायचा, बेस६४ करायचा, टॅगमध्ये लिहायचा. दोनच पथ्यं. फाइल बायनरी मोडमध्ये, म्हणजे आरबीने वाचायची, साध्या मजकुरासारखी नाही. आणि हेक्सडायजेस्ट न वापरता डायजेस्ट वापरायचा.

माप शेवटच्या हातानंतर घ्यायचं, हे मी शिकले ते एका दुपारी. माझ्यासोबत काम करणाऱ्या इचलकरंजीच्या मुलीने एका गूळ व्यापाऱ्याच्या साइटवर हॅश लावले. तिच्या मशीनवर सगळं हिरवं. साइट वर चढवली आणि स्टाइलशीट अडली. पांढऱ्या पानावर नुसती काळी अक्षरं. “ताई, मी तर बरोबर काढलोय की,” ती म्हणाली. तिने काढलेला हॅश मी तिच्याच मशीनवर पुन्हा काढला, तोच आला. सर्व्हरवरची फाइल उतरवून काढला, वेगळा आला. दोन्ही फाइल शेजारी उघडल्या, डोळ्यांना तिळाएवढाही फरक नाही. मग साइज पाहिली. सर्व्हरवरची ९,२०६ बाइट, तिच्या मशीनवरची ९,५२४. फरक ३१८. फाइलमधल्या ओळी मोजल्या. ३१८.

प्रत्येक ओळीमागे एक बाइट. तिचं मशीन विंडोजचं. गिटने फाइल तिच्या डिस्कवर ठेवताना प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं जास्तीचं न दिसणारं चिन्ह घातलं होतं, आणि परत पाठवताना ते काढून टाकलं होतं. तिचं माप बरोबर होतं, पण माप घेतल्यानंतर मालाला आणखी एक हात लागला होता. उपाय सोपा आहे. रिपॉझिटरीत, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या फोल्डरमध्ये, डॉट गिटॲट्रिब्यूट्स नावाची फाइल ठेवायची. त्यात सीएसएस आणि जेएस फाइलींसाठी टेक्स्ट, ईओएल बरोबर एलएफ असं लिहायचं. बाहेरून आणलेल्या फाइल ज्या फोल्डरमध्ये असतील, त्याला हायफन टेक्स्ट लिहायचं. म्हणजे गिट त्यांना हातच लावत नाही.

असे शेवटचे हात इतरही असू शकतात. काही होस्टिंगमध्ये ‘वेग वाढवा’ अशा नावाचं बटण असतं. ते सर्व्हरवरून फाइल निघताना त्यातल्या कॉमेंट आणि रिकाम्या जागा काढतं. पानासाठी चांगलंच, पण हॅश मोडतो. ते बंद करा, किंवा कॅश-कंट्रोल हेडरमध्ये नो-ट्रान्सफॉर्म पाठवा. जीझिप किंवा ब्रॉटलीची मात्र चिंता नको. ब्राउझर आधी फाइल उलगडतो आणि मग मोजतो, त्यामुळे दाबून पाठवली तरी माप तेच राहतं.

जिथे गेज लागत नाही

गूगल फाँट्सच्या स्टाइलशीटला हॅश लावू नका. मागणारा ब्राउझर कोणता हे पाहून तो सर्व्हर वेगवेगळा मजकूर देतो; तुमच्या लॅपटॉपवर जुळलेला हॅश गिऱ्हाइकाच्या जुन्या फोनवर तुटेल. आम्ही मुक्त आणि तिरो देवनागरी मराठी हे फाँट वापरतो. दोन्हीचं लायसन्स खुलं आहे, म्हणून फाइल उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवल्या. हे मराठी साइटवाल्यांनी मुद्दाम करावं. फाँट अडला तर आपल्या पानावर जोडाक्षरांचं काय होतं ते आपल्यालाच माहीत.

पैसे भरण्याच्या गेटवेची स्क्रिप्ट, नकाशे, भेटींची मोजणी यांचंही तसंच. ती फाइल ते लोक कधीही बदलतात आणि बदलायलाच हवी. तिथे एसआरआयचा उपयोग नाही. फक्त गरज आहे त्याच पानावर ती जोडा, सगळ्या साइटवर नको. जुन्या ब्राउझरना नव्या सोयी पुरवणाऱ्या पॉलिफिल डॉट आयओ या सेवेचं डोमेन नव्या मालकाकडे गेल्यानंतर तिथून घातक कोड वाटला गेल्याचं जून २०२४ मध्ये उघड झालं. ती सेवाही प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल द्यायची, त्यामुळे तिला हॅश लावणं मुळातच शक्य नव्हतं. तिथे खरा बचाव एकच होता, ती काढून टाकणं.

आणखी एक मर्यादा. हॅश त्या एका फाइलपुरता. सीएसएसमध्ये इम्पोर्ट करून आणलेली दुसरी सीएसएस, आतले फाँट, चित्रं, किंवा एका स्क्रिप्टने नंतर मागवलेली दुसरी स्क्रिप्ट, यांना तो लागू होत नाही. म्हणून मी सीएसएसमधले इम्पोर्ट बिल्डच्या वेळीच एका फाइलमध्ये जोडून टाकते.

अडलं तर पान उभं राहिलं पाहिजे

गेज लावलं म्हणजे कधीतरी माल परत जाणार. त्या दिवशी साइटवर काय दिसेल, ते आजच पाहून ठेवा. नो-गो चाचणी करताना तेही दिसतं. फौंड्रीच्या साइटवर फोन नंबर, पत्ता आणि चौकशीचा फॉर्म साध्या एचटीएमएलमध्येच हवा. स्क्रिप्ट आली नाही तर फोटो एकाखाली एक दिसावेत, पण दिसावेत. जेक्वेरीसारखी फाइल बाहेरून घ्यावीच लागली, तर तिच्या लगेच खाली दोन ओळी लिहा: जेक्वेरी मिळाली नसेल तर घरच्या सर्व्हरवरची तीच आवृत्ती लोड कर. पाहणाऱ्याला कळतही नाही.

हॅश अडला की क्रोम कन्सोलमध्ये आलेल्या फाइलचा खरा हॅशही छापतो. तो उचलून टॅगमध्ये चिकटवायचा मोह होतो, आणि घाईत पुष्कळ जण तेच करतात. कृपा करून करू नका. बुश बसत नाही म्हणून कुणी गेज घासतं का? फाइल का बदलली ते आधी शोधा. रमीवाली फाइल आली असती, तर कन्सोलने तिचाही हॅश तितक्याच तत्परतेने छापला असता.

यासाठी आम्ही एक रजिस्टर ठेवलं आहे. साधी शीट, रिपॉझिटरीतच. फाइलचं नाव, आवृत्ती, कुठून उतरवली, हॅश, कोणत्या तारखेला कोणी उघडून पाहिली, नो-गो झाली की नाही. आप्पांच्या इनवर्डच्या वहीत ‘रिजेक्ट, कारण’ असा रकाना असायचा. तोही ठेवला आहे. आवृत्ती बदलायची तर नवी ओळ आधी रजिस्टरमध्ये जाते, मग टॅगमध्ये.

आणि आवृत्ती बदलताना गिऱ्हाइकाच्या कॅशमध्ये जुनं पान असतं, ही अडचण उरते. जुन्या पानात जुना हॅश, सर्व्हरवर त्याच नावाने नवी फाइल, म्हणजे अडणारच. फाइलच्या नावात आवृत्ती किंवा हॅश असला तर प्रश्नच येत नाही: नवं नाव, नवी फाइल, आणि जुनी फाइल महिनाभर तशीच राहू द्यायची. नाव बदलता येत नसेल तर इंटेग्रिटीमध्ये दोन हॅश लिहिता येतात, मधे एक जागा सोडून. दोन्ही एकाच जातीचे हवेत. एक २५६ चा आणि एक ३८४ चा लिहिला तर ब्राउझर फक्त जास्त मजबूत जातीचा धरतो. नवी फाइल आधी उतरवून, उघडून पाहून, तिचा हॅश जुन्याच्या शेजारी लिहिते आणि पान चढवते. कॅशची मुदत आम्ही एक दिवसाची ठेवली आहे, म्हणून दोन दिवस थांबते. मग फाइल बदलते, दोन फोनवर साइट उघडून बघते, टॅगमधला जुना हॅश काढते आणि रजिस्टरमधल्या जुन्या ओळीवर रेघ मारते.